रिकामा घुमट

नोकरीतले कितीतरी गुन्हे विसरलो. नाशिकमधल्या एका सराफी पेढीतली ती चोरी मात्र आजही जशीच्या तशी आठवते. दोन हजार सालानंतरची एक-दोन वर्षं असतील. शहरात दुकानांतून नुकतेच कॅमेरे दिसू लागले होते, आणि आम्हा पोलिसांनाही त्यांचं मोठं अप्रूप होतं.

या पेढीत तीन कॅमेरे होते. एक दारावर, लांब नळीसारखा. दुसरा काउंटरवर रोखलेला. तिसरा मागच्या फळीच्या वर, छतात बसवलेला काळा काचेचा घुमट. तो चौफेर बघतो, असं नोकरांना सांगितलं होतं. त्याच्याखाली कुणी पाणीसुद्धा पीत नसे.

भर दुपारी एक हार गेला. काउंटरच्या टेपमध्ये बारा वर्षं कामाला असलेल्या बाई हाराचा ट्रे उचलताना दिसत होत्या. मालकांनी त्यांच्यावरच संशय घेतला. मीही तेच चित्र खरं मानलं. दोन दिवस त्यांना सकाळी ठाण्यात बोलावलं, महिला शिपायासमोर जबाब घेतले. बाई न रडता एकच सांगत राहिल्या, की ट्रे हारासकट मागच्या फळीवर ठेवला होता.

मग घुमटाची टेप कुठे आहे? मालक म्हणाले, कॅमेरा बिघडलाय. मी कॅमेरे बसवणाऱ्या कारागिराला ओझरहून बोलावून घेतलं. तो चाचरत म्हणाला, "साहेब, बिघडायला आत काही हायच नाय. नुसतं कवच हाय, धाक बसावा म्हणून."

हे दुकानात कोणाकोणाला माहीत होतं, असं मी विचारलं. मालक आणि दुकानातच काम करणारा त्यांचा मेहुणा, कारागीर म्हणाला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घुमट आपल्याला बघतोय असं मानणारा नोकर त्याच्याचखाली चोरी कशाला करील? मेहुण्याने जबाबात दुपारी दुकान सोडलंच नाही म्हटलं होतं. मी दाराची टेप लावली. तीत तो डब्याची पिशवी घेऊन बाहेर पडताना दिसत होता. मी आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, "पिशवीत काय होतं?"  त्याने सगळं सांगितलं. हार चांदवडला त्याच्या मित्राकडे मिळाला. पंचनामा झाला.

मालक ठाण्यात बाईंची माफी मागायला आले, उद्यापासून कामावर या म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, "शेठ, टेपमध्ये माझा हात दिसला. बारा वर्षं मी तुम्हाला दिसले नाही का?" त्या परत गेल्या नाहीत.

मालकांनी मान खाली घातली. खरं तर ती मीही घालायला हवी होती. पुढे निवृत्त होईपर्यंत कुठलंही चित्रण समोर आलं, की आधी विचारायचो, या कॅमेऱ्याला काय दिसत नाही? आणि संशयिताला बसायला खुर्ची द्यायचो. त्या बाईंना दोन दिवस मी बाकावर बसवलं होतं. त्यांची माफी मागायची मात्र राहूनच गेली.