चौतिसावी चाल

माझा थोरला भाऊ दवाखान्यात कंपाउंडर होता. चाळीस वर्षं त्यानं लोकांना औषधं दिली, पण एकदाही कुणाला पटकन दिली नाहीत. चिठ्ठी वाचायची, बाटली काढायची, नाव कागदावर लिहायचं, परत चिठ्ठी बघायची आणि मगच पुडी बांधायची. खिडकीबाहेर रांग कुरकुरायची. "अहो, इथं उभ्या उभ्याच ताप उतरला माझा," असं कुणीतरी रोज म्हणायचंच. दादा ढिम्म.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यानं एका लहान मुलीला भलतीच बाटली दिली होती. मुलगी आठ दिवस अंथरुणाला खिळली. वाचली बिचारी, पण दादानं जी धास्ती घेतली ती कायमची. घराला कुलूप लावलं तरी तीन-तीनदा ओढून बघायचा. "एक दिवस दारच निघून येईल हातात," म्हणून मी करवादायचे. त्याच्या सावधपणाचा मला मनापासून वैताग यायचा, हे आज कबूल करते.

वहिनी गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले, तेव्हा त्याची मुलगी सहा वर्षांची होती. घरीदारी सगळे तिला बबडी म्हणायचे. दादानंच तिला बुद्धिबळ शिकवलं आणि तेही थेट दवाखान्याच्या शिस्तीत. चाल सुचली की आधी कागदावर लिहायची, मग परत सगळा पट बघायचा, मगच सोंगटीला हात लावायचा. त्या काळी चाल अशी आधी लिहून ठेवायला मुभा होती. पोरगी चलाख निघाली. एकोणिसाव्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या फेरीला ती आणि तिची प्रतिस्पर्धी सारख्याच गुणांवर पहिल्या होत्या. तो डाव जिंकेल ती विजेती ठरणार होती.

बबडी हरली. वर्तमानपत्रात दोनच ओळी आल्या. जिंकायची साधी चाल तिला दिसलीच नाही, असं त्यात म्हटलं होतं. शेजारपाजारच्यांनी तेच ऐकवलं, आणि खोटं कशाला बोलू, मीही ऐकवलं. तिनं पट कपाटावर टाकला आणि सांगून टाकलं, "माझं खेळणं संपलं." पुढच्या महिन्यात परदेशी जाणाऱ्या संघाची निवड होती आणि रविवारपर्यंत नाव कळवायचं होतं. दादा हवालदिल झाला. एकदा डाव नीट तपासू, चूक हाती लागली की भीती जाईल, असं तो आठवडाभर घोकत होता. शनिवारी दुपारी त्यानं स्वतःच पट खाली काढला. बबडी नाइलाजानं समोर बसली.

तिला सगळ्या चाली पाठ होत्या. दोघं भराभर सोंगट्या हलवत चौतिसाव्या चालीपर्यंत आले आणि दादा थांबला. इथं घोडा पुढं टाकून शह द्यायचा होता. प्याद्यानं घोडा मारला तर राजा उघडा पडून तीन चालींत मात, आणि नाही मारला तर घोडा वजीर खाणार. मला त्यातलं फार कळत नाही, पण हे मलाही कळलं. बबडीनं मात्र आपला राजा एक घर कोपऱ्यात सरकवला होता. तिथून डाव जो घसरला तो सावरलाच नाही.

"ही दिसली कशी नाही तुला?" दादानं विचारलं.

"नाही दिसली."

"इतकी ढळढळीत?"

"नाही दिसली म्हटलं ना, बाबा!"

"बरं, चाली लिहिलेला कागद आण."

"हरवला."

इथं माझी जीभ वळवळली. "हरवला कसा? काल तुझी पिशवी धुवायला काढली, तेव्हा मलाच तर सापडला," म्हणत मी ड्रॉवरमधून तो काढून दादाच्या हातात ठेवलासुद्धा. बबडीनं माझ्याकडे असं बघितलं की मी ड्रॉवर तसाच उघडा टाकून मागं सरले.

स्पर्धेत वरचा कागद पंचांकडे जातो आणि खालची कार्बनची प्रत खेळाडूकडे राहते. दादानं चष्मा पुसला, चौतिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं घोड्याची तीच चाल लिहिलेली होती. त्यावर आडवी रेघ मारून शेजारी राजाची चाल लिहिली होती.

"दिसली होती तुला," दादा हळूच म्हणाला.

"हो."

"मग लिहिल्यावर परत बघितलंस तेव्हा काय दिसलं? कुठं धोका होता?"

"कुठंच नव्हता. अर्धा तास बघितलं, बाबा. काहीच दिसलं नाही. पण तुम्हीच म्हणता ना, चूक दिसत नाही म्हणजे नीट बघितलेलं नाही."

दादानं कागदावरचं बोट उचललं नाही. त्याचा चेहरा बघवेना. पोरीनं आठवडाभर सगळ्या जगाची बोलणी खाल्ली होती, आंधळी म्हणवून घेतलं होतं, ते फक्त बापाला हे कळू नये म्हणून. आणि मी मेलीनं ड्रॉवर उघडला होता.

"माझं चुकलं गं," दादा म्हणाला. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यानं तिचा राजा उचलून परत जागेवर ठेवला. "आता खेळ ती चाल. लिहायचं नाही, बघायचं नाही. सरळ खेळ."

बबडीनं घोडा उचलला. हात पटावर गेला आणि अधांतरी राहिला. तिनं मान वर करून दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बरोबर आहे ना, असं विचारल्यासारखं.

दादा झटक्यात उठला. मला दंडाला धरून खोलीबाहेर घेऊन आला आणि दार लोटून घेतलं. जिवाचा कान करून आम्ही दोघं बहीणभाऊ तिथं उभे राहिलो. खूप वेळ उभे होतो. आतून सोंगटी ठेवल्याचा आवाज काही आला नाही.