तिची गाडी नदीत पडावी म्हणून

आमची मुलगी सात वर्षांची असताना एका संध्याकाळी शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागे लपून बसली होती. गल्लीत लपाछपी चालली होती. डाव संपला, पुढचाही संपला, पोरं आपापल्या घरी गेली आणि ही तिथेच. दिवेलागणीला तिची आई हाका मारत निघाली, तेव्हा ही गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसलेली सापडली. घरी आल्यावर तिने मला विचारलं, "बाबा, मले कोणीच शोधलं नाई. मी जिंकली का?"

मी हो म्हणालो. तिला ते पटलं नाही. सात वर्षांच्या माणसाला बापाचा खोटेपणा लगेच कळतो, फक्त तो बोलून दाखवत नाही.

तिला कोणी शोधलं नव्हतं, कारण ती कच्चं लिंबू होती. खेळात असायची, मोजणीत नसायची. तिला शिवलं तरी ती बाद नाही, ती सापडली तरी डाव तिच्यावर येत नाही. मग शोधायचं कशाला? तिच्या हृदयाला जन्मतः भोक होतं. लहानपणीच नागपूरला ऑपरेशन झालं. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "आता हिला पळू द्या, खेळू द्या, पडूही द्या." हे आम्ही हात जोडून ऐकलं आणि अहेरीला परतेपर्यंत विसरलो. माझ्या आईने तर गल्लीतल्या एकेका पोराच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून ताकीद दिली, "तिले पळवू नका रे बाबू. ते कच्चं लिंबू हाय." पोरं इतकी गुणी निघाली, की हिच्यावर कधी हौसेने डाव दिलाच तर ती पळायचीसुद्धा नाहीत. एका जागी उभी राहून शिवून घ्यायची.

टाकीमागचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. एखाद्या तरी खेळात पोरीला बरोबरीने धरलं पाहिजे, एवढं मला कळलं. उपाय मात्र मी माझ्या अकलेप्रमाणे शोधला. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेमचा कन्सोल आणायचा. सगळे गादीवर बसून खेळणार, पळायचं कोणालाच नाही, म्हणजे सगळे सारखे.

बायको म्हणाली, "डॉक्टरनं पळू द्या म्हटलं, अन् तुमी तिले अजून बसवून राह्यले."

"बसून का होईना, बरोबरीनं त खेळन."

"करा, जे करता ते करा," असं म्हणून ती भाकरीकडे वळली. आमच्या घरात मंजुरी अशीच मिळते.

चंद्रपूरच्या दुकानात मी गेलो तो अगदी जाणकाराचा चेहरा करून. मी लाकडाच्या डेपोवर नोकरी करतो. सागवानाचा ओंडका पाहून तो आतून पोकळ आहे की भरीव, हे मी सांगू शकतो. तोच चेहरा इथेही चालेल असं वाटलं. दुकानदाराने विचारलं, "भाऊ, डिस्कवाला पाहिजे का बिनडिस्कचा?"

आता माझ्या कमरेतली एक चकती सरकलेली आहे, आणि डिस्क हा शब्द मी फक्त हाडाच्या डॉक्टरांकडे ऐकला होता. मी म्हणालो, "बिनडिस्कचाच द्या. डिस्कचा त्रास मले माहीत आहे."

तो हसला. मला वाटलं, माझा विनोद आवडला.

परतीच्या बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या काकांनी विचारलं, "मिक्सर घेतला का भाऊ?" खरं सांगायचं तर आष्टीपर्यंत समजावावं लागलं असतं, म्हणून मी हो म्हणालो. मग आष्टीपर्यंत त्यांनीच मला मिक्सरचं भांडं कसं घासायचं ते समजावलं.

घरी आईने खोक्याला हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि विचारलं, "याच्यात पिक्चर दिसते का?"

"नाई आजी, याच्यात आपण खेळतो," मुलीने सांगितलं.

"मंग मोबाईलमंदी काय करते तू?"

बिनडिस्कचा म्हणजे काय, ते त्या दुपारी कळलं. डिस्क घालायची सोय नसल्यामुळे गेम नेटवरून उतरवून घ्यावा लागतो. आमच्या घरी नेट म्हणजे माझा फोन, आणि फोनला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत. फोन तिथे तिखटमिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. उन्हाळ्यात प्राणहिता नदीचं पाणी सरकतं तसे पडद्यावर टक्के सरकू लागले. मुलगी टीव्हीसमोर बसून ते मोठ्याने वाचत होती. बायकोने फोडणी दिली की फोनला ठसका लागल्यासारखं नेट तुटायचं. शेवटी, गेम उतरेपर्यंत घरात फोडणीचं काही करायचं नाही, असं ठरलं. आम्ही आंबिल आणि उकडलेली अंडी खाल्ली. आई म्हणाली, "बाप्पा, हे त उपासाचं मशीन आणलं यानं."

गेम उतरला. गाड्यांच्या शर्यतीचा होता. डोंगर, जंगल, मधे नदी आणि नदीवर कठडा नसलेला अरुंद पूल. सुरू करण्याआधी मशीन इंग्रजीत एकामागून एक प्रश्न विचारू लागलं. चष्मा लावून मी सगळ्यांना होय म्हणत गेलो. पहिला खेळाडू म्हणून मुलीचं नाव घातलं. मग एक प्रश्न असा आला, की त्यात असिस्ट असं काहीतरी लिहिलं होतं. हवं का? आमच्या डेपोवर असिस्टंटची जागा माझ्या आठवणीत कधी भरलेली नाही. दरवेळी मागणी जाते आणि तिथेच राहते. कोणीतरी आपणहून असिस्ट देतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? मी आनंदाने होय दाबलं. दुसरा रिमोट, म्हणजे ज्याला पोरं कंट्रोलर म्हणतात तो, मी घेतला. माझं नाव घालायचा कंटाळा केला आणि पाहुणा म्हणून खेळलो.

पुढचे आठवडे आमच्या घरात मोठ्या आनंदाचे गेले. मुलगी प्रत्येक शर्यत जिंकायची. माझी गाडी पुलापाशी आली की हटकून नदीत. आई दाराशी बसून वाती वळायची आणि वर न पाहता म्हणायची, "बुडला वाटते." मुलगी शाळेत सांगून आली, की ती बाबांना रोज हरवते. मला माझ्या हरण्याचं वाईट वाटत नव्हतं. मी खरंच जीव तोडून खेळत होतो आणि खरंच बुडत होतो, त्यामुळे यात खोटं काही नव्हतं. एकदा तर मी बायकोला म्हणालोही, "पाहिलं? बरोबरीनं खेळते का नाई?"

दिवाळीला चामोर्शीहून ताई आली. तिचे दोघं मुलगे बरोबर होते, मोठा तेरा वर्षांचा, धाकटा अकराचा, आणि त्यांच्या पिशवीत त्यांचा स्वतःचा एक रिमोटही होता. दुपारचा फराळ आटोपून तिघं भावंडं टीव्हीसमोर बसली. मुलीने बसताबसताच सांगून टाकलं, "मी पहिली येते बरं का. आधीच सांगते."

आणि ती पहिली आली. दुसऱ्यांदाही आली. दोन्ही भाचे पुलावरून पडले. तिसऱ्या वेळी मोठ्या भाच्याने स्वतःचा रिमोट खाली ठेवला आणि नुसता तिची गाडी पाहत बसला. गाडी पुलाच्या काठाला गेली, थबकली आणि आपोआप मधोमध आली. तो माझ्याकडे वळला. "मामाजी, हिच्या गाडीले मदत लावून आहे तुमी."

"कसली मदत?"

"हे पाहा ना, नावाजवळ पिवळं चाक. ही गाडी पडूच शकत नाई. रिमोट सोडून दिला तरी पूल पार करते."

धाकट्याला ते फारच आवडलं. "म्हंजे मशीनमंदीबी कच्चं लिंबूच."

मुलीने रिमोट गादीवर ठेवला, अगदी हळू, काच ठेवावी तसा. मी ऑपरेशनच्या वेळी तिला रडताना पाहिलं होतं, सुया टोचताना पाहिलं होतं, पण असं तोंड पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, तुमी लावलं?"

मी असिस्टंटच्या रिकाम्या जागेचं सांगायला लागलो. डेपो, मागणी, साहेब. ताई तोंडाला पदर लावून हसू लागली. मुलगी हसली नाही. तिने एवढंच विचारलं, "मंग मी एकबी डाव खरा नाई जिंकली?"

मी म्हणालो, "मी त खरा बुडलो ना बेटा."

"काढा ते."

मोठ्या भाच्याने ते चाक काढलं. माझ्या आईने दारातूनच विचारलं, "काऊन काढता रे? लहान हाय ते. राहू द्या."

"आजी, तू चूप बस," मुलगी म्हणाली. एरवी आईशी असं बोलल्याबद्दल तिला मी रागावलो असतो. त्या वेळी मला तसा धीर झाला नाही.

शर्यत सुरू झाली आणि तिची गाडी पुलापर्यंतही पोचली नाही. आधी झाडावर, मग खडकावर, मग सरळ नदीत. वर काढली की पुन्हा नदीत. "अगे माय, पोरगी बुडली," असं म्हणत आई खरोखर उठून उभी राहिली. शेवटी मुलगी चौथी आली, आणि खेळणारे तिघंच होते. चौथा मशीनचा एक गडी होता, तोही तिच्या पुढे. धाकटा म्हणाला, "बुडबुडे आले पाहा, बुडबुडे."

मी त्याला काहीतरी बोलायला उठलो. बायकोने मागून माझा सदरा धरला. "बसा जी. तिचं ते पाहते."

मुलीने धाकट्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि म्हणाली, "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. पुन्हा बुडली. त्यानंतर एकदा पुलाच्या अर्ध्यापर्यंत गेली आणि तिथून बुडली. ओठ घट्ट मिटलेले, गाल लाल. मी सवयीने तिच्या नखांकडे पाहत होतो, निळी पडतात का म्हणून. नखं गुलाबी होती आणि त्यांना चिवड्याचं तेल लागलेलं होतं.

तेवढ्यात लाईन गेली. आमच्याकडे सणाला ती हमखास जाते. पडदा काळा झाला आणि तिघांनी एकाच सुरात 'अरेऽऽ' केलं. बाहेर अजून उजेड होता. गल्लीतली पोरं रस्त्यावर आलीच होती, दोघं भाचेही चपला शोधत निघाले, आणि त्यांच्या मागे ही. मोठा भाचा गोल करून मोजायला लागला. हिच्यापाशी आल्यावर त्याचं बोट सवयीने तिला ओलांडून पुढे गेलं.

"मले मोज," ती म्हणाली.

त्याने दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. गल्लीतल्या सगळ्याच पोरांनी पाहिलं. डेपोवर मी साहेबांच्या सहीशिवाय कधी काही सोडलेलं नाही. माझी आई मागून कोपराने ढोसत होती, की नको म्हण. डॉक्टर नागपूरला होते. त्यांचं वाक्य मला तेव्हा पहिल्यांदा पूर्ण आठवलं, शेवटच्या दोन शब्दांसकट. मी म्हणालो, "मोज तिले. पकडली त पकडली."

पहिल्याच फेरीत ती शिवली गेली. डाव तिच्यावर आला. या वेळी कोणी उभं राहिलं नाही, सगळे खरंच पळाले, आणि ती वेणी सुटलेली, एका पायातली चप्पल निघालेली, त्यांच्या मागे विहिरीच्या वळणापर्यंत गेली. मी दारात छातीवर हात ठेवून उभा होतो. छाती माझी होती. तिची बरी चालली असावी, कारण ओरडण्याचा आवाज वळणापलीकडून स्पष्ट येत होता.

ती परत आली ती धापा टाकत, ढोपर खरचटलेलं, आणि हाताला एकही गडी न लागता. पायरीवर बसली. आई गडबडीने तांब्या घेऊन आली, "आता पुरे कर वो माय," म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. आत टीव्ही टुणकन वाजला. बायकोने सांगितलं, "लाईन आली, या." मोठा भाचा घराकडे निघालासुद्धा.

मुलीने तांब्या तोंडाला लावला होता. तो तसाच धरून, हनुवटीवरून पाणी गळत असताना, ती त्याच्यावर ओरडली, "कुठी चालला? माझा डाव बाकी आहे."