बटालियनची हजेरी

१४ सप्टेंबर १९९६, शनिवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. प्लेनोमधल्या एका प्रशस्त घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून मी ४३८ हा आकडा लिहून घेतला आणि वरच्या ओळीतल्या ४८१ मधून तो वजा केला. समोरचे वृद्ध गृहस्थ माझ्या पेन्सिलीकडे पाहत होते. ते इटलीच्या डोंगरी फौजेतून कॅप्टन म्हणून निवृत्त झाले होते आणि पत्नी गेल्यावर मुलीकडे टेक्सासला राहायला आले होते. शेजारी त्यांना कर्नल म्हणत. "मी कॅप्टनच," ते सांगत, "बढती टेक्सासने दिली."

त्यांची मुलगी माझी मॅनेजर होती. पुण्याहून येऊन मी संख्याशास्त्रात एम.एस. केले होते, एका टेलिफोन कंपनीत मागणीचे अंदाज बांधत होते, आणि दोन वर्षांत वरची जागा मिळवायची असे मनाशी ठरवले होते. वडिलांना त्यांच्या ब्रिगेडचा इतिहास कॉम्प्युटरवर नीट लावून हवा आहे, शनिवारी येशील का, असे मॅनेजरबाईंनी विचारले तेव्हा मी तत्काळ हो म्हटले. त्या होकारात निव्वळ सौजन्य होते असा दावा मी करणार नाही.

कॅप्टनांजवळ बुटांच्या तीन खोक्यांत भरलेली कार्डे होती. त्यांवरून मी तक्ता केला. दुसऱ्या महायुद्धानंतर उभारलेली ब्रिगेड. तिच्याखाली रेजिमेंट, रेजिमेंटखाली बटालियन, बटालियनखाली कंपन्या. सत्तरच्या दशकात सैन्याने रेजिमेंट ही पायरीच काढून टाकली. नव्वदच्या दशकात ती परत आली, पण आता एका रेजिमेंटमध्ये एकच बटालियन. नाव थोरले, माणसे तेवढीच. त्याच सुमारास तोफा आणि रसद वाहणारी खेचरे विकली गेली. प्रत्येक फेररचनेत काही पथके मिटली. माझ्या तक्त्यात अशी नऊ होती आणि शेवटच्या रकान्यात, कॅप्टनांच्या आग्रहाखातर, बंद झाल्या दिवशीची हजेरी भरलेली होती. तो रकाना मी भरला, वाचला नाही.

कॅप्टनांना हवे होते ते एकच. सत्तरच्या दशकात त्यांच्या रेजिमेंटचा ध्वज उतरवला गेला तेव्हा ते रजेवर होते. आता त्यांच्या बटालियनची पाळी येणार हे त्यांना दिसत होते, आणि या वेळी त्या मैदानावर स्वतः उभे राहायचे होते. तिथला भांडार सांभाळणारा जुना हवालदार दर महिन्याच्या एक तारखेची हजेरी त्यांना पत्राने कळवी. सक्तीची सैनिकी सेवा बारा महिन्यांची होती. दर महिन्याला चाळीसएक पोरांची नवी तुकडी येई आणि तेवढीच घरी जाई. ऑगस्टपासून नवी तुकडी येणे थांबले. का, ते कोणी कळवले नव्हते.

"विचारा ना त्यांना," मी म्हटले.

"कोणाला? अजून काही ठरलेलं नाही, असं लेखी उत्तर येईल. ते उत्तर आलं की समजायचं, ठरलं."

दर शनिवारी दार उघडताना कॅप्टन विचारत, "डॉक्टर, पेशंट कसा आहे?" पेशंट म्हणजे बटालियन. मी डॉक्टर नव्हते, पीएच.डी.चे अर्जसुद्धा अजून भरायचे होते. तरीही ते संबोधन मला आवडू लागले होते. ऑक्टोबरची हजेरी आली ४०२, नोव्हेंबरची ३५९. चार बिंदू, आणि त्यांतून जाणारी रेषा इतकी सरळ की पाठ्यपुस्तकात छापावी.

नोव्हेंबरात मॅनेजरबाईंनी मला ऑफिसात बोलावून दार लावून घेतले. वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागणार होती. जानेवारीत केली तर उत्तम. औषधांवर उन्हाळ्यापर्यंत लांबवता येईल, पण त्यात धोका. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने विमानप्रवास बंद. ध्वज कधी उतरणार ते कळल्याखेरीज कॅप्टन तारीख घेऊ देत नव्हते.

"ते माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील," त्या म्हणाल्या. "तू सांग, कधी?"

शेवटची तुकडी १९९७ च्या जुलैअखेर घरी जाते. त्यानंतर बटालियनमध्ये कायमस्वरूपी नोकरीतले चाळीसेकच उरतात, आणि ते या हजेरीत मोजले जात नसत. मी एका कागदावर आलेख काढला, रेषा तळापर्यंत नेली आणि लिहिले: जुलै १९९७.

माझ्या अपार्टमेंटमधली सोबतीण नागपूरची, एका बँकेसाठी प्रोग्रॅमिंग करणारी. तो कागद तिने फ्रिजला टेकून बराच वेळ पाहिला.

"एरर बार कुठे गेला तुझा? अंदाज किती चुकू शकतो ते?"

"गरज नाही. फिट बघ ना, सगळे बिंदू रेषेवर बसलेत."

"फिट छान आहे. पण माझ्या बाबांची मिल बंद झाली ना यार, तेव्हा शिफ्टवर माणसं होती. डबे तसेच आत राहिले. माणसं संपेपर्यंत कोण थांबतं?"

मी तिला सांगितले की एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही. वाक्य बिनचूक होते. तिने कागद परत दिला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला गेली. दुसऱ्या दिवशी तो मी कॅप्टनांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढून, पुन्हा लावून पाहिला.

"जुलै. नक्की?"

त्या एका क्षणी मला अनिश्चितता सांगता आली असती. तसे केले तर मॅनेजरबाईंना उत्तर मिळाल्यासारखे वाटणार नाही, हा विचार आधी आला. मी म्हटले, "नक्की."

शस्त्रक्रिया २१ जानेवारीला झाली आणि चांगली झाली. डिसेंबरचा ३२२ आणि जानेवारीचा २७७ मी रुग्णालयात त्यांच्या उशाशी बसून आलेखावर मांडला; दोन्ही बिंदू रेषेवर. ते झोपेच्या गुंगीत हसले. परिचारिकेला म्हणाले, ही माझी दुसरी डॉक्टर.

फेब्रुवारीच्या आठ तारखेला मी पोहोचले तेव्हा मॅनेजरबाईंनी दार उघडले आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. कॅप्टन टेबलाशी होते, छातीशी उशी धरलेली, कारण खोकला आला की टाके दुखत. हवालदाराच्या पत्रात या वेळी हजेरीचा आकडा नव्हता. हुकूम आला होता. २२ फेब्रुवारीला ध्वज उतरवून रोमच्या संग्रहालयात पाठवायचा, आणि उरलेल्या मुलांना दुसऱ्या खोऱ्यातल्या रेजिमेंटमध्ये वाटून टाकायचे.

मी कॉम्प्युटर सुरू केला आणि माझाच तक्ता उघडला. नऊ ओळी, शेवटचा रकाना. सर्वांत लहान संख्या १९० होती. शून्याच्या आसपास एकही नव्हती. जुलै लिहिले तेव्हाही हा पुरावा माझ्या हाताशी होता.

मी माफी मागू लागले. त्यांनी हात वर करून थांबवले.

"चौदा दिवस आहेत," ते म्हणाले. "सर्जनला विचारा."

मॅनेजरबाईंनी आतूनच, पाठ न वळवता, सांगितले की विचारून झाले आहे.

२२ तारखेला मी नेहमीच्या वेळी गेले. त्यांनी करडी टोपी घातली होती, एका बाजूला काळे पीस लावलेली, आणि घरातल्या सपाता. इटलीत संध्याकाळ झाली असावी. मॅनेजरबाईंनी माझ्यासमोर कॉफी ठेवली, पण नजर दिली नाही. फोन वाजला तो हवालदाराचा. कॅप्टन इटालियनमध्ये मोजकेच बोलले, ऐकले पुष्कळ. एकदा त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. फोन ठेवल्यावर टोपी काढून ती मांडीवर घेतली.

"मैदानावर किती जण होते ते त्याने मोजलं," ते म्हणाले. "लिहा."

त्यांनी मला डॉक्टर म्हटले नाही. मी २७७ च्या खालच्या ओळीत लिहिले: २३६.