गाडी कितला वाजता येस?

इतर शाळांच्या स्टाफरूममध्ये पोरांचे किस्से जमतात, आमच्याकडे गाड्यांचे. दोष आमचा नाही. आमची शाळा चाळीसगाव-धुळे रस्त्यावरच्या एका गावात, आणि आजूबाजूच्या गावांत शाळा फक्त सातवीपर्यंत. त्यामुळे दर उन्हाळ्यात आम्ही शिक्षक घरोघर फिरून आठवीसाठी मुलं गोळा करतो. पट भरला नाही तर तुकडी तुटते. तुकडी तुटली की सगळ्यात ज्युनियर माणूस सरप्लस, म्हणजे आमचे वाणी सर! त्यांची बदली कुठे होईल ते देवालाच ठाऊक. म्हणून उन्हात सगळ्यांत पुढे तेच असतात.

*

पहिल्याच घरी वाणी सरांनी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. डिजिटल वर्ग, प्रयोगशाळा, स्कॉलरशिपचे जादा तास. बाजेवरचे आबा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले.

भाषण संपल्यावर त्यांनी एक डोळा उघडला.

“बठ्ठं चांगलं शे, मास्तर. पन गाडी कितला वाजता येस?”

तेव्हापासून सरांनी भाषण बदललं. आता ते गाडीपासून सुरू होतं, आणि प्रयोगशाळेपर्यंत कुणी पोचूच देत नाही!

*

आमची खरी स्पर्धा शहरातल्या शाळेच्या पिवळ्या बसशी. ती दारात येऊन हॉर्न वाजवते, शेजारीपाजारी बघतात. एका अक्कांनी तर सांगूनच टाकलं, “त्या गाडीमा टीव्ही शे!”

आमचे हेडसर चिडले. “आमच्याकडे पण मोठी बस आहे, अक्का. लाल! दिवसातून चार वेळा येते.”

“ती तुम्हनी कोठे शे?” अक्का म्हणाल्या. “ती ते सरकारनी शे!”

हेडसर पाणी प्यायले आणि आम्ही पुढच्या घरी गेलो.

*

एका नानांनी मात्र नातवासाठी सगळ्या गाड्यांची स्वतः परीक्षा घेतली. पिवळ्या बसवाल्याने त्यांना चढूच दिलं नाही, ती तिथेच नापास. मग ते आठवडाभर आमच्या पोरांबरोबर एसटीने आले, शाळेच्या कट्ट्यावर बसले, परत गेले. शेवटी निकाल लागला.

“एसटी चांगली शे. मले रोज जागा भेटनी.”

म्हातारा माणूस म्हटल्यावर कुणीही उठून जागा देणारच! नातू बिचारा आज दुसरं वर्ष उभ्याने येतोय, तेही उशिरा. परवा वाणी सरांनी त्याला दारात अडवलं.

“उशीर का?”

“सर, बस.”

“बस काय? आधी कारण सांग, मग बसायचं!”

“तेच सांगतोय ना सर, बस!”

*

सायकलीची एक गंमत. एका गावाहून आमच्या शाळेपर्यंत सरळ उतार आहे. तिथल्या एका पोराला वडिलांनी सायकल घेऊन दिली. सकाळी पायडल न मारता भुर्रकन येतो, प्रार्थनेच्या आधी हजर. संध्याकाळी मात्र चढ! शाळा सुटली तरी हा ग्रंथालयात, मग मैदानावर, मग शिपायाबरोबर झाडांना पाणी घालत. कोणीतरी ट्रॅक्टरवाला भेटेपर्यंत घरी जायचं नाव नाही.

वडील गावभर सांगत सुटले, “शाळा अशी शे, पोऱ्याले घर यावाले मनच होत नही!”

त्या कौतुकावर त्या गावातून आणखी दोन पोरं मिळाली. चढाबद्दल आम्ही कोणी बोललो नाही.

*

यंदा मात्र हसायची वेळ गेली होती. जून उजाडला तरी पट भरेना. उरली होती नाल्यापलीकडची एक वस्ती. तिथे एसटी नाही, पिवळी बस नाही. अनिता नावाची हुशार मुलगी सातवी पास होऊन घरी बसणार होती, आणि तिची आई काय ठरवते त्यावर वस्तीतल्या बाकीच्या मुलींचं ठरणार होतं. या वेळी आम्ही व्हॅनवाल्या रशीदभाईंनाच बरोबर नेलं. ते चाळीसगावचे, सकाळी निघून वाटेतल्या मुली शाळेत आणतात, संध्याकाळी सोडतात.

आईने शाळेबद्दल काही विचारलं नाही. वेळही विचारली नाही.

“संध्याकायले शेवटले कोन उतरई?”

रशीदभाई म्हणाले, “यही बस्ती आखरी है, बहन. इसमें भी आपका घर सबसे आखिर में.”

“म्हंजे बठ्ठ्या उतरी जातीन, आनि मन्ही पोर एकली राही. जमाव नही.”

“मी बठसू एकली गाडीमा, माय,” अनिता म्हणाली.

“तुले कोन विचारं?”

वाणी सरांनी घाईघाईने तोडगा काढला. गाडी उलटी फिरवू, अनिताला सगळ्यांत आधी सोडू!

बाईने सरांकडे नीट पाहिलं. “मंग दुसरानी पोर एकली राही. तिले माय नही शे का?”

रशीदभाई खाली बघत होते. माणूस अगदी सज्जन, पण बाईचंही काही चुकत नव्हतं. परत येताना मला फार वाईट वाटत होतं; वाणी सरांचं तर तोंडच उतरलं होतं.

शाळा सुरू झाली त्या दिवशी रशीदभाईंची व्हॅन फाटकात थांबली. मागून अनिता उतरली, वस्तीतल्या मुली उतरल्या, सोबत अनिताची आई. पुढच्या सीटवरून नवं दप्तर घेतलेली एक मुलगी उतरली. रशीदभाई तिला थेट ऑफिसात घेऊन आले.

“मेरी बेटी है, नाझिया. आठवी में नाम लिखो, साब. रोज सुबह मेरे साथ निकलेगी, शाम को मेरे साथ घर जाएगी.”

हेडसर चक्रावले. “अहो रशीदभाई, तुमच्या घरासमोरच एवढी नावाजलेली शाळा! रस्ता ओलांडला की पोरगी वर्गात. ती सोडून इतक्या लांब कशाला?”

रशीदभाईंनी दारात उभ्या असलेल्या अनिताच्या आईकडे एकदा पाहिलं.

“वहाँ गाडी नहीं जाती, साब.”