उतरायला शिकवणारा मामा

माझ्या मामाच्या मते देवाने माणूस घडवताना खरी मेहनत गुडघ्याच्या खालीच केली. वरचं सगळं उरल्यासुरल्या मातीचं. कुणाची ओळख करून दिली की याची नजर सरळ खाली जाते आणि समोरच्या गृहस्थाला आपली चप्पल तुटली की काय अशी शंका येते. उभी हयात मामा रायपूरच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होता. बाकीचे शिक्षक पोरांना उडी मारायला शिकवत, हा उतरायला शिकवायचा. "वर जाणं सोपं आहे बे," तो म्हणे, "खाली येताना माणूस कळते."

आज मी माझ्या दोन पायांवर धड चालतोय तो या माणसामुळे. आणि पंचाईत अशी की, त्याच्या पाया पडून हे सांगायची मला सोय नाही. छत्तीसगडात भाचा म्हणजे देव. मामाने त्याच्या पाया पडायचं. भाच्याकडून पाया पडून घेतलं तर मामाला पाप. इथे पिढ्या गेलेल्या आमच्या मराठी घरांतही ही रीत मुरली आहे. मामा ती भक्तिभावाने पाळतो, पण एकदा वाकला की लवकर उठत नाही. एक हात माझ्या टाचेच्या शिरेवर, दुसरा पोटरीवर. "पोटरी सुकून राहिली रे तुही! दिवसभर खुर्चीत बसून राहतो ना?" आपल्या देवाची अशी खरडपट्टी काढणारा भक्त मी दुसरा पाहिला नाही.

लहानपणी सुट्टीत तो आम्हा सगळ्यांना ओट्यावरून उड्या मारायला लावायचा. "काहून बे, गुडघे ताठ ठेवून उतरला? सगळा धक्का नडगीत जाते, तिथून कमरेत! आधी चवडा टेकव, मग टाच येऊ दे, घोटा वाकू दे, मग गुडघा. धक्का सगळ्यायले वाटून दे ना. एकट्या हाडाच्या जिवावर काहून उठला?" आम्ही वैतागायचो. सकाळी आंबे खायचे सोडून हे काय, असं वाटायचं.

समता कॉलनीतल्या एका लग्नात तर त्याने कहरच केला. आमच्याकडचा नवरदेव घोडीवरून उतरला तो थेट टाचांवर, दाणकन! मामा भर वरातीत ओरडला, "थांब! पुन्हा चढ!" बिचारा घाबरून पुन्हा चढला. बँडवाल्यांनी पुन्हा तीच धून धरली. मुलीकडचे छत्तीसगडी, त्यांना वाटलं, ही मराठी लोकांची रस्म असेल. त्यांनी आरतीचं ताट परत आणलं, पुन्हा ओवाळलं, फोटोही काढले. नवरदेव या खेपेला चवड्यांवर अलगद उतरला तेव्हा मुलीची आजी कौतुकाने म्हणाली, "हव, बहुत सुंदर रिवाज हे." आम्हाला हसावं की तोंड लपवावं, कळेना.

आणि मग मागच्या हिवाळ्यात भनपुरीला, जिथे मी ट्रान्सपोर्टमध्ये काम करतो, ताडपत्री नीट बांधली की नाही पाहायला मी भरल्या ट्रकवर चढलो. वरची पोती सरकली. पोत्यांखाली चिरडायचं किंवा खाली सिमेंटवर उडी, दोनच वाटा. विचार करायला वेळ होता कुठे? पण माझ्या पायांना सगळं ठाऊक होतं. चवडा टेकला, टाच आली, गुडघे आपोआप मुडपले, आणि मी कुशीवर लोळलो. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "घोट्याची नस ताणली, बस. ताठ उतरला असता तर टाचेचा चुरा झाला असता. नशीबवान आहात." नशीब कसलं! मला तर तिथेच रडू आलं.

पायाला पट्टी बांधूनच तेलीबांध्याला मामाकडे गेलो. आता त्याचेच गुडघे गेलेत. सवयीने वाकायला गेला आणि अर्ध्यातच खाट धरून बसला. ती संधी साधून मी वाकलो. म्हाताऱ्याने झटकन पाय खाटेवर ओढून घेतले. "पाप लावतो का मले या वयात?"

"मग तुझे उपकार मानू कसे, मामा?"

त्याने पांघरूण पायावर नीट घेतलं. मग हळूच म्हणाला, "कसा उतरला ते सांग मले."

मी सांगितलं. ट्रकवर चढल्यापासून सगळं. डोळे मिटून ऐकत होता, पांघरुणाखाली त्याचे पाय मात्र हलत होते. माझं सांगून झालं तरी त्याने डोळे उघडले नाहीत. कडांतून पाणी ओघळलं, ते पुसलंही नाही.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "सावकाश सांग."

मी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.