आदर्श दुर्बीण: सुधारणा एकविसावी

माझे भावोजी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायच्या कामाला होते. एकतीस वर्षं त्यांनी पाइपांचे नकाशे काढले आणि त्यात कुणाला एक चूक सापडली नाही. हे मी कौतुकाने सांगतेय असं कुणी समजू नये. ज्याची चूक कधी सापडत नाही अशा माणसाबरोबर संसार करणं काय असतं, ते माझ्या ताईला विचारावं. ऑफिसात त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ वळली की मिलिमीटर. मला विचाराल तर मिलिमीटरच शोभायचं.

खात्याने त्यांना राहायला दिलेली जागा तलावाच्या काठावर होती. दुसरा मजला, दोन खोल्या, मागे गॅलरी. लग्न होऊन ताई तिथे गेली त्या पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "पलीकडच्या काठावर ते पांढरे ठिपके कसले हो?"

ताईला लहानपणापासून पक्ष्यांचं वेड. झाडात लपलेला पक्षी ती नुसत्या आवाजावरून ओळखायची. पण तलाव रुंद होता, पलीकडचा आवाज अलीकडे येत नव्हता. भावोजी म्हणाले, "नुसत्या डोळ्यांनी नाही कळायचं. दुर्बीण घेऊ आपण. पण घ्यायची तर नीट घ्यायची."

त्या 'नीट'मध्ये एकवीस वर्षं गेली.

आधी दुर्बीण कशी असावी हे ठरायला हवं होतं. त्यासाठी भावोजींनी ट्रेसिंग पेपरवर तिचा आराखडा काढला. वरून कशी दिसेल, बाजूने कशी दिसेल, मधोमध कापली तर कशी दिसेल. आता दुर्बीण मधोमध कोण कापणार होतं? पण ते विचारायची सोय नव्हती. खाली कोपऱ्यात चौकट, चौकटीत 'आदर्श दुर्बीण, सुधारणा क्रमांक एक'. मोठं दाखवायचं तर आठ पटच, कारण दहा पटीत हात थरथरलेला दिसतो. भिंगं बेचाळीस मिलिमीटरची. कडेला रंग फाटता कामा नयेत, म्हणजे पक्ष्याभोवती निळी-तांबडी किनार नको. दव पडलं तरी आत वाफ धरता कामा नये. चष्म्यावरून दिसायला हवं. फिरवायचं चाक बोट न हलवता बोटाखाली यायला हवं. पट्टा मानेला काचू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दृष्टिक्षेत्र रुंद हवं, म्हणजे कडेने पक्षी शिरला तरी लगेच कळेल. दर वर्षी एखादी नवी अट सुचायची आणि चौकटीतला आकडा वाढायचा.

गावात दुर्बिणींचं दुकान एकच. भावोजी महिन्याकाठी एकदा तिथे जात, काउंटरवरची प्रत्येक दुर्बीण उचलून समोरच्या पाटीवरची अक्षरं बघत आणि नाक मुरडून परत ठेवत. दुकानदाराने कधीच हात टेकले होते. भावोजी लांबून दिसले की तो आत जाऊन बसे आणि नोकराला पुढे करी.

आराखडा नवा करायच्या आधी एक विधी असे. ताईला गॅलरीत खुर्चीवर बसवायचं, स्टीलची पट्टी तिच्या नाकावर आडवी धरायची आणि दोन बुबुळांतलं अंतर मोजायचं. दर वर्षी बासष्ट मिलिमीटर. मोठ्या माणसाचे डोळे काय दर वर्षी लांब सरकतात? पण मोजल्याशिवाय लिहायचं नाही हा त्यांचा बाणा. पट्टी कडेने डोळ्यापाशी आली की ताई दचकून मान मागे घ्यायची आणि ते वैतागायचे, "हलू नकोस गं."

मध्ये एकदा मला राहवलं नाही. माझ्या पहिल्या पगारातून मी ताईसाठी एक छोटी दुर्बीण आणली. साधीच, हातात मावेल एवढी. ताई ती घेऊन धावत गॅलरीत गेली. तिने ती डोळ्यांपर्यंत नेली असेल नसेल, भावोजींनी काढून घेतली. आतबाहेर बघितली. "दोन्ही नळ्या समांतर नाहीत. असल्या दुर्बिणीने डोळे जातात माणसाचे." संध्याकाळी स्वतः जाऊन ती दुकानात परत करून आले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताई म्हणाली, "जाऊ दे. त्यांना माझ्या डोळ्यांची काळजी आहे."

एकविसाव्या सुधारणेच्या वेळी मी त्यांच्याकडेच होते, चहा पीत बसले होते. भावोजींनी पट्टी कडेने आणली. ताई जराही हलली नाही. पट्टी नाकाला टेकली तेव्हा मात्र तिने "आणली का?" असं विचारलं. भावोजी खूश झाले. "बघ, इतक्या वर्षांनी हलायचं नाही एवढं शिकलीस. माप कसं अचूक आलं." मी हसले. मीही हसले, हे सांगायलाच हवं.

त्या वर्षी ताई दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागली. उघड्या कपाटाचं दार तिच्या कपाळाला लागलं. ओट्याच्या कडेचं भांडं तिच्या कोपराने खाली जायचं. भावोजी म्हणायचे, "लक्ष कुठे असतं तुझं?" शेवटी मीच तिला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. भावोजी बरोबर आले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं की काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत कडेचं दिसणं केव्हाच गेलंय, आता मधलंही चाललंय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं किती टिकेल सांगता येत नाही. मग त्यांनी भावोजींकडे वळून विचारलं, "यांना कडेचं दिसत नाही हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

भावोजी म्हणाले, "बासष्ट आहे. दोन डोळ्यांतलं अंतर बासष्ट मिलिमीटर आहे."

डॉक्टरीणबाईंनी उरलेलं टिकवण्यासाठी ऑपरेशनची चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. मी खिडकीकडे बघितलं.

चार दिवसांत दुर्बीण घरात आली. एकवीस सुधारणांना जी सापडत नव्हती, ती त्याच दुकानात, त्याच काउंटरवर सापडली. दुकानदार म्हणे बाहेर येऊन उभा राहिला आणि पावती त्याने स्वतःच केली.

पण ऑपरेशन, मग औषधं, मग पट्ट्या यात दोन महिने गेले. हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही तिघं गॅलरीत बसलो. ताईने दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ इकडून तिकडे फिरवली. "पाणी दिसतंय," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता पाणीही नाही." मग तिने ती गळ्यातून काढली आणि भावोजींकडे धरली.

"तुम्ही बघा. पलीकडे काय आहे ते मला सांगा."

भावोजींनी दुर्बीण लावली, चाक फिरवलं. "कडा अगदी स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "रंग कुठे फाटत नाहीत. जरा पिवळट झाक आहे, पण चालण्यासारखी."

"दुर्बीण नाही हो. पक्षी."

"पांढरे आहेत."

"ते मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. चोच कशी आहे? सरळ की वाकडी?"

भावोजींनी चाक पुन्हा फिरवलं. उभ्या आयुष्यात दुर्बिणीतून त्यांनी पाहिली ती दुकानासमोरच्या पाटीवरची अक्षरं. पक्ष्याकडे कसं बघायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"चोच आहे," ते शेवटी म्हणाले.

मला त्यांची दया आली असं म्हटलं तर ते खोटं होईल. ती दुर्बीण उचलून तलावात भिरकावावी असं वाटलं मला. ताईने माझ्या हातावर हात ठेवला, बरोबर शोधून ठेवला.

"बरं, राहू दे," ती त्यांना म्हणाली. "किती आहेत ते तरी मोजा. तेवढं तुम्हाला येतं."

भावोजी मोजू लागले. अकरापर्यंत आले तोच दोन उडाले, ते थांबले आणि पुन्हा एकपासून सुरू झाले. या वेळी आवाज नीट निघत नव्हता. ताई त्या आवाजाच्या दिशेला तोंड करून बसली होती. तलाव तिच्या पाठीमागे होता.