काचेतलं मानपत्र

रॉकेलच्या रांगेत मी उभी असले की गल्लीतल्या बायका मला वाकून नमस्कार करायच्या. रांगेत पुढे मात्र कुणी जाऊ द्यायचं नाही. धुळ्यात गल्ल्यांना नंबर असतात, आणि आमच्या नंबरात मी पतिव्रता म्हणून प्रसिद्ध होते. पहिल्यांदा कुणी पायाला हात लावला तेव्हा मी दोन पावलं मागे सरकले होते. पुढे पुढे डबा हातात धरून नुसती उभी राहायला शिकले.

ह्यांचं दुखणं सन पासष्टच्या सुमारास सुरू झालं. हे तेव्हा सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. एका संध्याकाळी सायकल हाताने ढकलत घरी आले आणि म्हणाले, उजव्या पायाला पायडल कळत नाही. मग बोटांतून पेन निसटायला लागलं, एका डोळ्याने धुकं दिसायला लागलं. दोन महिन्यांनी सगळं आपोआप ठीक झालं, तेव्हा गल्लीने निकाल दिला की कामाचा कंटाळा होता. पाय पुन्हा गेला तेव्हा निकाल बदलला, आता कुणीतरी करणी केली होती. शेवटी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर नाव लिहून दिलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं म्हणाले, आणि औषध नाही. परतीच्या गाडीत मी ते नाव पाढ्यासारखं पाठ केलं, कारण पारोळ्याला माझ्या नणंदेला, अक्काला, सांगायचं होतं. अक्काने ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे अंगावरून वारंच गेलं ना.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली नव्हती, ती मला पुढच्या चैत्रात कळली. ऊन चढलं की हे गळून जायचे. सकाळी काठी टेकत दारापर्यंत येणारा माणूस दुपारी बाराला चमचा धरू शकायचा नाही, जीभही जड व्हायची. उन्हं कलली की हात परत यायचे. खानदेशचं ऊन काही कुणाच्या आजारपणाची भीड ठेवत नाही. मी खिडकीला ओली गोणपाटं बांधायची, अंगावर भिजवलेलं धोतर पसरायची, ते सुकलं की दुसरं. दुष्काळाच्या वर्षी या दोन हंडे जादा पाण्यासाठी मी नळावर ज्या शिव्या खाल्ल्या, त्या देणाऱ्या बायका नमस्कार करणाऱ्याच होत्या. ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसरं काय.

पुढे काठी गेली आणि खाट आली. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला स्पिरिट लावून पावडर टाकायची, भांडं द्यायचं, दाढी करायची, घास भरवायचा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझे हात हे सगळं माझ्याशिवाय करायला लागले. मनापासून करतेस का, असं कुणी विचारलं असतं तर मला उत्तर शोधावं लागलं असतं. ह्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचे पाय बधिर झाले होते आणि माझं बाकीचं सगळं. रडू येत नव्हतं, रागही पुरता येत नव्हता, आणि याचीच मला कधीकधी भीती वाटायची.

एकच गोष्ट मला अजून हवी होती, आणि ती म्हणजे आखाजी. बाकी महाराष्ट्राला ती अक्षय तृतीया, आम्हाला ती माहेर. खानदेशात लग्न झालेली मुलगी दिवाळी सोडील, आखाजी सोडायची नाही. भाऊ न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. मग चार दिवस निंबाला बांधलेला झोका, सांजोऱ्या, गाणी, आणि दुपारी हवं तितकं झोपलं तरी उठवायला कुणी येत नाही. माझं माहेर भडगावच्या बाजूला, गिरणेच्या काठी. पण आखाजी येते नेमकी वैशाखात, जेव्हा ह्यांना एक तासही सोडता यायचं नाही. नऊ वर्षं दर आखाजीला माझा भाऊ यायचा, दारात पाणी प्यायचा आणि एकटाच परत जायचा. आईने त्याला एकदाही येऊ नको म्हटलं नाही.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी अक्का स्वतः होऊन आली. आल्या आल्या तिने पदर खोचला, गोणपाटं भिजवून बघितली, ह्यांची कूस बदलून बघितली, आणि मला म्हणाली, “तू जाय माय. मना भाऊ शे तो. चार दिन मी सांभाळसू.”

त्या दिवशी दुपारी मी ट्रंक उघडली. दोन लुगडी घातली, आरसा घातला, मग आरसा काढला, परत घातला. छातीत काहीतरी हललं. मला वाटलं होतं ते मेलं असेल.

आखाजीच्या दोन दिवस आधी समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष घरी आले. त्यांना सगळे नाना म्हणायचे. माणूस मनाने वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. मंडळाने माझा सत्कार ठरवला होता. आखाजीला सगळ्यांना सुट्टी असते, पाहुणेरावळे गावात असतात, म्हणून संध्याकाळी शाळेच्या पटांगणात कार्यक्रम. मानपत्र तयार होतं, ते पिशवीतून काढून त्यांनी कौतुकाने वाचून दाखवलं. ड्रॉइंग मास्तरांनी तीन रंगांत लिहिलेलं, भोवती वेलबुट्टी. पहिलीच ओळ होती की या माउलीने पतीच्या सेवेपायी नऊ वर्षांत एकदाही आखाजीला माहेराचं तोंड पाहिलं नाही.

मी म्हटलं, नाना, ह्या वर्षी मी जाते आहे. भाऊ उद्या न्यायला येतो आहे.

नानांनी मानपत्राकडे बघितलं, माझ्या ट्रंकेकडे बघितलं, आणि फार मऊ आवाजात म्हणाले, “सूनबाई, मानपत्र काचेत गेलं आता.”

म्हणजे मी गेले तर ते खोटं पडणार होतं. मी न गेल्याबद्दल माझा सत्कार होता, म्हणून मी जायचं नव्हतं. हे त्यांना जराही चमत्कारिक वाटलं नाही. माहेर कुठे पळून जातंय, पुढच्या वर्षी जा, मंडळ गाडीची सोय करील, असंही म्हणाले. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्यांना दोन शब्द सुनावायला लागली, तर मीच तिला गप्प केलं. का केलं, ते मला सांगता येत नाही. भांडायला आधी काहीतरी वाटावं लागतं, आणि ते जे हललं होतं ते एवढ्यात परत निजलं होतं. मी ट्रंक रिकामी केली. हे खाटेवरून सगळं ऐकत होते. दुपारची वेळ होती, जीभ जड झाली होती. काहीतरी बोलले, मला ते कळलं नाही, आणि मी परत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. मला वाटलं, हा तरी चिडेल. त्याने सत्काराचं ऐकलं आणि त्याचा चेहरा फुलला. आईला हे सांगितलं तर ती आनंदाने वेडी होईल म्हणाला, आणि मला न्यायचं सोडून तोच कार्यक्रमाला राहिला.

आखाजीच्या संध्याकाळी ह्यांना आरामखुर्चीत बसवून चौघांनी शाळेत आणलं. त्या दिवशी सुदैवाने आभाळ आलं होतं, उकाडा कमी होता, आणि अक्काने दुपारभर त्यांना ओलं ठेवलं होतं. मला व्यासपीठावर बसवलं. नानांनी वैशाखात माझ्या अंगावर लोकरीची शाल घातली, हातात नारळ दिला. मग मानपत्र वाचलं गेलं. माहेराचं तोंड पाहिलं नाही, या ओळीवर टाळ्यांचा गजर झाला. पहिल्या रांगेत माझा भाऊ सगळ्यांत जोरात वाजवत होता. न राहवून तो उठला आणि म्हणाला, हे आमच्या घरचे संस्कार आहेत.

नंतर नानांनी ध्वनिक्षेपक माझ्यापुढे आणला. दोन शब्द बोला म्हणाले. मी आयुष्यात कधी असल्या यंत्रासमोर बोलले नव्हते. मला जे खरं होतं ते एकच वाक्य आठवलं, आणि मी ते बोलले.

“मला आखाजीला जायचं होतं.”

लोकांना ते कळलं, म्हणजे त्यांच्या परीने कळलं. एवढी इच्छा असून बाई गेली नाही. आधीपेक्षा दुप्पट टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले, नाना उभे राहिले, त्यांच्या मागोमाग सगळं पटांगण उभं राहिलं.

त्या उभ्या माणसांच्या फटीतून मला हे दिसले, कडेला, आरामखुर्चीत. सगळ्या पटांगणात टाळ्या न वाजवणारे तेवढे एकटेच होते. लोकांना वाटलं असेल, बिचाऱ्याचे हात उचलत नाहीत. पण त्या संध्याकाळी हात चांगले होते. निघण्यापूर्वी त्यांनी माझ्यासमोर स्वतःच्या शर्टाची बटणं स्वतः लावली होती, पाचही. ते दोन्ही हात त्यांनी मांडीवर घट्ट धरून ठेवले होते आणि ते माझ्याकडे बघत होते. मग मला रडू आलं, आणि लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले.